न्यायमूर्ती विवियन बोस आणि दप्तरातला कायदा

जयपूर संस्थानातील हरला नावाच्या एका माणसाला अफूच्या गुन्ह्याबद्दल ५० रुपये दंड झाला. ही घटना १९४८ सालातील. ज्या कायद्याखाली दंड झाला त्याचे नाव जयपूर अफू अधिनियम, आणि त्याची जन्मकथा मोठी विलक्षण होती. १९२२ मध्ये जयपूरचे महाराज वारले. गादीचा वारस अज्ञान असल्यामुळे राज्यकारभार मंत्रिमंडळाकडे आला. या मंडळाने डिसेंबर १९२३ मध्ये एका बैठकीत ठराव केला आणि त्या ठरावाने हा अधिनियम अस्तित्वात आला, असे मानले गेले. ठराव राजपत्रात छापला गेला नाही. त्याची दवंडी पिटली गेली नाही. कचेरीच्या भिंतीवरही तो कोणी डकवला नाही. तो दप्तरात राहिला आणि तेथूनच पाव शतक लोकांवर अंमल चालवीत राहिला. दंडाची रक्कम क्षुल्लक होती, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २४ सप्टेंबर १९५१ रोजी त्याचा निकाल लागला. जो कायदा कोणत्याही वाजवी मार्गाने लोकांना कळविलाच गेला नाही, तो कायदा म्हणून उभाच राहू शकत नाही, या तत्त्वावर हरलाची शिक्षा रद्द झाली. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती नागपूरचे होते. त्यांचे नाव विवियन बोस.

नागपूरच्या जुन्या पिढीला बोस घराण्याची ओळख करून देण्याची गरज नव्हती. विवियन बोस यांचे आजोबा सर बिपिन कृष्ण बोस हे या शहरातील वकिलीचे आणि सार्वजनिक जीवनाचे एक आधारस्तंभ होते. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. नातवाचा जन्म ९ जून १८९१ चा. त्याचे शिक्षण इंग्लंडमध्ये डलविच कॉलेजात आणि पुढे केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात झाले. १९१३ मध्ये मिडल टेम्पलमधून बॅरिस्टर होऊन तो परतला आणि नागपुरात वकिली करू लागला. वयाची तिशी ओलांडल्यावर, १९२४ ते १९३० या काळात, ते विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यानंतर सरकारी वकील, मध्यंतरी अल्पकाळ अतिरिक्त ज्युडिशिअल कमिशनर, आणि १९३६ च्या जानेवारीत नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हा त्याच महिन्यात त्याचे न्यायाधीश, असा त्यांचा चढता क्रम आहे. त्यांच्या पत्नी आयरीन या अमेरिकेतील ख्रिस्ती युवक चळवळीचे नेते आणि १९४६ चे शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी जॉन मॉट यांच्या कन्या. न्यायदानाबाहेर बोस यांचे मन रमे ते स्काउट चळवळीत. प्रांतिक पातळीपासून अखिल भारतीय पातळीपर्यंत तिची धुरा त्यांनी वाहिली.

बोस यांच्या विचारांची मुळे शोधायची तर ते ज्या मुलखात वकील झाले त्याचा इतिहास पाहावा लागतो. १८६१ मध्ये बनलेला मध्य प्रांत चीफ कमिशनरच्या हाताखाली होता. मुंबई-मद्रास-बंगालसारख्या जुन्या इलाख्यांना लागू असलेली रेग्युलेशने येथे आपोआप लागू नव्हती. कोणता कायदा या प्रांतात चालेल आणि कोणता नाही, हे पुष्कळ प्रमाणात अंमलदारांच्या आदेशांवर ठरे. प्रांताला स्वतःचे विधिमंडळ मिळाले १९१४ साली, म्हणजे बोस यांनी सनद घेतल्यानंतर. शेजारच्या वऱ्हाडाची स्थिती तर त्याहून चमत्कारिक होती. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे आणि अंमल इंग्रजांचा. परिणामी ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे थेट लागू होत नसत. गव्हर्नर जनरल अधिसूचना काढून, हवे तेवढे फेरफार करून, ते लागू करी. अमरावती-अकोल्याच्या पक्षकाराचा दावा चालवताना मुळात कायदा कोणता, तो लागू केव्हा झाला आणि लागू करताना त्यातले काय गाळले गेले, हे प्रश्न वकिलाला आधी सोडवावे लागत. कायदा हा विधिमंडळाच्या सभागृहातून येतो हे इंग्लंडात शिकून आलेल्या तरुण बॅरिस्टरला येथे कायदा अधिसूचनेच्या कागदातून येताना दिसला असणार.

त्यातही महायुद्धाचा काळ हा कसोटीचा होता. भारत संरक्षण कायद्याखाली केलेल्या नियमांच्या जोरावर सरकार हजारो लोकांना विनाचौकशी स्थानबद्ध करीत होते. नियम केले सरकारनेच, ते वापरले सरकारनेच, आणि वापर योग्य झाला की नाही हे ठरविण्याचा अधिकारही आपलाच, असा सरकारचा दावा होता. इंग्लंडातील हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४१ च्या लिव्हरसिज प्रकरणात गृहमंत्र्यांच्या मनाच्या समाधानापुढे मान तुकवली होती आणि एकट्या लॉर्ड ॲटकिन यांनी त्यास विरोध नोंदविला होता. नागपूरच्या न्यायासनावरील बोस यांचा कल या एकाकी मताकडे होता. १९४३ च्या अहवालात छापलेल्या प्रभाकर केशव तारे प्रकरणातील त्यांचे लेखन स्वातंत्र्याच्या बाजूने सरकारला जाब विचारणारे म्हणून पुढे अनेकदा आठवले गेले. पुढे १९४६ मध्ये भगवतीचरण शुक्ल यांच्या वृत्तपत्र-प्रकरणात त्यांनी शब्दांचा परिणाम जोखण्यासाठी एक मापदंड दिला. हा परिणाम दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसाच्या नव्हे, तर समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या दृष्टीने पाहिला पाहिजे, असा त्याचा आशय होता. हा मापदंड सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या खटल्यात पुन्हा वापरला. नागपूरच्या न्यायालयात घडविलेले माप ऐंशी वर्षांनंतर दिल्लीत उपयोगी पडावे, ही गोष्ट सामान्य नाही.

फेब्रुवारी १९४९ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि ५ मार्च १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे पोचतात न पोचतात तोच त्यांच्यापुढे स्वतंत्र भारतातील कायदेनिर्मितीचा मूलभूत प्रश्न उभा राहिला. कायदे करण्याचा अधिकार संसदेचा. तो तिने शासनाच्या हाती किती द्यावा? राष्ट्रपतींनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या विचारार्थ पाठविला होता. १९१२ चा दिल्ली कायदा, १९४७ चा अजमेर-मेरवाड्याचा कायदा आणि १९५० चा क वर्ग राज्यांचा कायदा हे तीन कायदे त्याच्या मुळाशी होते. दुसऱ्या प्रांतातला एखादा कायदा उचलून, त्यात फेरफार करून, तो येथे लागू करण्याची मुभा या तिन्हींनी सरकारला दिली होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात वाढलेल्या वकिलाला ही पद्धत नवी नव्हती. सात न्यायाधीश बसले आणि २३ मे १९५१ रोजी सातांनी सात वेगळी मते दिली. बोस यांनी कायदे लागू करण्याची मुभा मान्य केली. परंतु ज्या भागात आधीपासून कायदा आहे तो रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकारही सरकारला देणारा १९५० च्या कायद्यातील भाग त्यांनी अवैध मानला. सरन्यायाधीश कानिया, न्या. महाजन आणि न्या. मुखर्जी यांचेही तसेच मत पडले आणि तो भाग बाद झाला.

सात मतांच्या या गुंत्यातून नेमका नियम कोणता निघाला, हे देशातील वकिलांना कळेना. ते काम तीन वर्षांनी बोस यांच्याच वाट्याला आले. पाटण्याच्या करदात्या नागरिकांच्या संघटनेचे चिटणीस राजनारायण सिंह यांनी तेथील प्रशासन समितीविरुद्ध ही लढाई लढविली होती. बिहारच्या नगरपालिका कायद्यात एक साधी, शहाणपणाची तरतूद होती. एखादा भाग नगरपालिकेच्या हद्दीत आणावयाचा आणि तेथील लोकांवर कर बसवावयाचा तर सरकारने आधी आपला इरादा जाहीर करावा, लोकांच्या हरकती घ्याव्यात, त्यांचा विचार करावा आणि मग निर्णय करावा. पण दुसऱ्या एका कायद्याने सरकारला नगरपालिका कायद्याचे कोणतेही कलम फेरफारासह पाटण्याच्या भागास लागू करण्याची मुभा होती. १९५१ मध्ये सरकारने अधिसूचना काढून कर बसविण्याचे कलम तेवढे उचलले आणि हरकतींची कलमे मागे ठेवली. लोकांना विचारण्याची पायरी अशा रीतीने एका कागदाने गळून पडली. अधिकाऱ्यांच्या बाजूने बोलायचे तर त्यांनी कायद्याचे एकही अक्षर मोडले नव्हते, फक्त नको ती अक्षरे घेतली नव्हती.

१९५४ च्या निकालात बोस यांनी दिल्ली कायद्याच्या प्रकरणातील सातही मते एकेक करून तपासली, जेथे बहुमत जुळते ते वेगळे काढले आणि त्यातून नियम मांडला. सरकार कायदा लागू करताना त्यात तपशिलाचे फेरफार करू शकते, परंतु विधिमंडळाने ठरविलेल्या धोरणाचा गाभा बदलू शकत नाही. करापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकणे हा उपचार नसून नगरपालिका कायद्याच्या धोरणाचाच भाग आहे, असे त्यांनी धरले आणि अधिसूचना अवैध ठरविली. घटनाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा निकाल अधिकार-प्रदानाच्या मर्यादांचा म्हणून शिकविला जातो. त्याचे खरे मोल मात्र दुसरीकडे आहे. हरकती व सूचना हे शब्द आज नागपूरच्या नागरिकाला विकास आराखड्याच्या निमित्ताने परिचित आहेत. १९६६ च्या नगररचना कायद्याने ते दिले. त्यांना सरकारी सौजन्याच्या यादीतून काढून कायद्याच्या गाभ्यात बसविण्याचे काम पाटण्याच्या या खटल्याने आरंभिले.

याच सुमारास मुंबईचेही एक प्रकरण त्यांच्यापुढे आले होते. गोरधनदास भानजी यांना अंधेरीत सिनेमागृह बांधावयाचे होते. परवानगी देण्याचा अधिकार मुंबईच्या पोलीस आयुक्तांचा. आधी नकार, मग सल्लागार समितीचा विचार, मग जुलै १९४७ मध्ये परवानगी, आणि सप्टेंबरमध्ये परवानगी रद्द झाल्याचे पत्र, असा हा प्रवास झाला. पत्रात आयुक्तांनी लिहिले होते ते इतकेच की, परवानगी रद्द झाल्याचे आपणास कळविण्याचा सरकारचा आदेश आहे. न्यायालयात आयुक्तांच्या बाजूने सांगण्यात आले की निर्णय वस्तुतः त्यांनी स्वतःच विचारपूर्वक घेतला होता. बोस यांनी हा खुलासा स्वीकारला नाही. सार्वजनिक अधिकाऱ्याचा हुकूम त्यातील शब्दांवरूनच वाचावयाचा असतो, त्याच्या मनात काय होते ते तो मागाहून सांगू लागला तरी त्याने हुकूम बदलत नाही. आणि नियमाने अधिकार आयुक्तांना दिला असताना सरकारने तो वापरणे आणि आयुक्तांनी केवळ टपालवाल्याचे काम करणे, हे दोन्ही कायद्याबाहेरचे आहे. सचिवालयातून दूरध्वनी येतो आणि खालचा अधिकारी स्वाक्षरी करतो, ही रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना या निकालाचा रोख समजावून सांगावा लागत नाही. १९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणूक-प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याचाच आधार घेतला आणि तेव्हापासून देशातील कोणत्याही उच्च न्यायालयात तो उद्धृत झाला नाही असे वर्ष गेले नसेल.

हे सर्व निकाल बोस यांनी ज्या इंग्रजीत लिहिले ते वकिली इंग्रजी नव्हते. वाक्ये आखूड, शब्द रोजचे, आणि मुद्दा पहिल्या परिच्छेदात. पश्चिम बंगालच्या विशेष न्यायालयांच्या १९५२ मधील खटल्यात, अन्वर अली सरकार याच्या प्रकरणात, सहकारी न्यायाधीश समानतेच्या कलमाखाली वर्गीकरणाची सूत्रे तपासत असताना, बोस यांनी सूत्र बाजूला ठेवून साधी कसोटी लावली. विचारी, निःपक्षपाती सामान्य माणसाला ही वागणूक न्याय्य वाटेल काय? शास्त्रकारांना ही कसोटी ढिली वाटली. ती ढिली होतीच. न्यायाधीशाच्या मनाचा कल तिच्यात सहज शिरू शकतो, हा आक्षेप खोटा नाही.

त्यांचे म्हणणे नेहमी टिकले असेही नाही. कलकत्त्याच्या एका विडी व्यापारी पेढीची प्राप्तिकराची प्रकरणे केंद्रीय महसूल मंडळाने तिला काहीही न विचारता रांचीला हलविली. मार्च १९५६ मध्ये बहुमताने तो आदेश रद्द केला, पण ज्या कलमाखाली तो निघाला त्याला हात लावला नाही. बोस यांनी स्वतंत्र मत लिहून ते कलमच घटनाबाह्य ठरविले. नियम नाही, कारण नाही, सुनावणी नाही, असा अमर्याद अधिकार कोणाच्याही हाती देणे समानतेत बसत नाही, ही त्यांची भूमिका. जूनमध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पन्नालाल बिंजराज प्रकरणात न्यायालयाने ते कलम वैध ठरविले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत नागपूर उच्च न्यायालयही संपले. त्यानंतर नागपूरला खंडपीठ मिळाले ते मुंबई उच्च न्यायालयाचे.

निवृत्तीनंतर त्यांना १९५७-५८ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात बोलावण्यात आले. पुढे मुंदडा प्रकरणात आयुर्विमा महामंडळाच्या व्यवहारातील अधिकाऱ्यांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या मंडळाचे ते अध्यक्ष झाले. मंडळाने मुंदडा यांनी काँग्रेस पक्षाला दिलेल्या देणग्यांचा संबंध या व्यवहाराशी जोडला, तेव्हा १९५९ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी पत्रकार परिषदेत बोस यांच्या बुद्धीविषयी अनुदार उद्गार काढले. कलकत्त्याच्या वकीलवर्गाने निषेधाचा ठराव केला. नेहरूंनी बोस यांची आणि सरन्यायाधीश दास यांची पत्राने क्षमा मागितली. हे दोघांनाही शोभणारे झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. तेंडोलकर यांच्या मृत्यूनंतर दालमिया-जैन कंपन्यांच्या चौकशी आयोगाचे कामही बोस यांनीच पुरे केले. त्या अहवालानंतर कंपनी कायद्यात सुधारणा झाल्या.

नोव्हेंबर १९८३ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांनी ज्या प्रश्नांना हात घातला ते मात्र निवृत्त झालेले नाहीत. हरलाच्या निकालाने कायदा प्रसिद्ध झालाच पाहिजे हे ठरले, परंतु प्रसिद्धी म्हणजे काय हे तेव्हा मोकळे राहिले. बहुतेक नागरिकांनी ज्याचे तोंडही पाहिलेले नाही त्या राजपत्रात छापून आले की काम भागते, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला. नियम करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करण्याविषयी १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा अधिनियमात कलम २३ आहे. पण मूळ कायद्याने पूर्वप्रसिद्धीची अट घातली असेल तरच ते लागू होते. आणि लागू झाले तरी, अंतिम नियम राजपत्रात आला की तो रीतसर झाला याचा तो निर्णायक पुरावा मानावा, अशी तरतूद त्याच कलमाच्या शेवटी आहे. पुढच्या दाराने हरकतदाराला आत घ्यायचे आणि मागचे दार लावून टाकायचे, असा हा प्रकार. लोकसभेने १९५३ मध्ये दुय्यम विधिविधान तपासणारी समिती नेमली, हे चांगले झाले. मात्र ती नियम अमलात आल्यावर तपासते.

अमेरिकेने १९४६ मध्ये एकच सर्वसाधारण कायदा करून टाकला. त्यानुसार सरकारी यंत्रणेने नियमाचा मसुदा जाहीर करावा, लोकांची मते घ्यावी, आणि नियमासोबत त्यामागची कारणे सांगावी. भारतात १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच वर्षात दोन दिशांनी पावले टाकली. कर्नाटकातील बी. के. श्रीनिवासन प्रकरणात हरलाच्या खटल्याचा आधार घेऊन दुय्यम कायद्याला प्रसिद्धी अनिवार्य असल्याचे सांगितले. सायनामाइड कंपनीच्या औषध-किमतींच्या प्रकरणात मात्र किंमत ठरविणे हे विधिविधानाचे काम असल्यामुळे कायद्याने तशी अट नसेल तर आधी कोणाचे ऐकून घेण्याचे बंधन नाही, असे ठरविले. पाटण्याच्या करदात्यांना सुनावणी मिळाली कारण ती कायद्यात लिहिलेली होती. जेथे लिहिलेली नाही तेथे काय, याचे उत्तर बोस यांनी दिले नव्हते, आणि देण्याचा अधिकार न्यायाधीशापेक्षा संसदेचा होता.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये कायद्यांचे आणि नियमांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवण्याचे धोरण आखले. ते धोरण आहे, कायदा नव्हे. त्यामुळे मोडणाऱ्याला जाब द्यावा लागत नाही. दोन वर्षांनी, मे २०१६ मध्ये, दूरध्वनी संभाषण मध्येच तुटल्याबद्दल ग्राहकाला भरपाई देण्याचा दूरसंचार प्राधिकरणाचा विनियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, आणि त्या निकालात न्या. नरिमन यांनी अमेरिकेच्या धर्तीवर सर्व यंत्रणांना लागू होणारा कायदा करण्याचा विचार संसदेने करावा, अशी सूचना केली. तसा कायदा अद्याप झालेला नाही.